वहिनीच्या बाबांची विचारपूस

'कसं काय?' हा प्रश्न उत्तराच्या अपेक्षेने विचारणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो माझ्या वहिनीचा बाप होता. आपण सगळेच हा प्रश्न विचारतो, पण विचारताना पाय चालू ठेवतो. वहिनीचे बाबा पाय थांबवत, हातातली पिशवी खाली ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत उभे राहत. 'ठीक' हे उत्तर त्यांच्या लेखी उत्तरच नव्हतं. गोदेच्या काठावर, म्हणजे आम्हा नाशिककरांच्या गंगेवर, भरणाऱ्या बुधवारच्या बाजारात त्यांनी एकदा एका ओळखीच्या गृहस्थांना गुडघ्याबद्दल विचारलं. गृहस्थ म्हणाले, 'बरा आहे.' 'कोणता?' यांनी विचारलं. डावा बरा होता आणि उजव्याबद्दल बोलण्यासारखं बरंच होतं. मेथीच्या आणि कांदापातीच्या दोन वाट्यांमध्ये उभं राहून त्या उजव्या गुडघ्याची हकीकत संपेपर्यंत मागे बायकांची रांग लागली, भाजीवाली कावली, आणि शेवटी तिनेच गुडघ्याला कोणतं तेल चोळायचं ते सांगितलं. त्या तेलाने फरक पडला का, हे विचारायला वहिनीचे बाबा पुढच्या आठवड्यात त्या गृहस्थांच्या घरी गेले.

नोकरीही त्यांना देवाने बघूनच दिली होती. वीज मंडळात मीटर रीडर. पंचवटीतल्या बोळाबोळांतून फिरत दर महिन्याला प्रत्येक घरात शिरायचा सरकारी परवाना! इतर रीडर दारातूनच रीडिंग टिपून पुढच्या घरी जायचे. हे मीटरसमोर उभे राहून विचारात पडायचे. 'मावशी, या महिन्यात युनिटं निम्मी कशी? सूनबाई माहेरी गेल्या का?' सूनबाई माहेरी गेलेल्याच असायच्या. मग त्या का गेल्या, चूक कोणाची, आणि पेठेतल्या त्यांच्या भावाशी कोण बोलणार, हे सगळं ठरवूनच ते बाहेर पडायचे. साहेब वैतागायचे. 'बाकीचे दुपारी परत येतात, तुम्हाला दिवेलागण होते,' असं म्हणायचे. त्यावर यांचं उत्तर तयार असायचं, 'साहेब, पण मी चहा कुठेही अर्ध्या कपाच्या वर घेत नाही.'

मुलीसाठी स्थळ म्हणून माझ्या दादाला बघायला ते आमच्या घरी आले, तेव्हा बोलता बोलता आमच्या आईची पाठदुखी निघाली. ती कधी सुरू झाली, कोणत्या कुशीवर झोपलं की वाढते, पाटा-वरवंट्याचा तिच्याशी काय संबंध, यात दुपार गेली. घरी परतल्यावर बायकोने विचारलं, 'मुलगा काय करतो?' तेव्हा यांच्या लक्षात आलं की मुलाला काही विचारायचं राहूनच गेलं. 'पण त्याची आई फार सोसते गं,' ते म्हणाले, 'अशा घरातला मुलगा वाईट नसणार.' एवढ्या भांडवलावर लग्न झालं आणि आजतागायत चांगलं चाललं आहे. मी जावयाचा भाऊ म्हणून ते मला, वयाने त्यांच्या मुलासारखा असूनही, 'अहो धाकटे' म्हणत आणि अहो-जाहो करत. मला सुरुवातीला फार संकोच वाटे. पुढे सवय झाली आणि मी जरा शेफारलोही.

अशा माणसाचं कुणाशी वाकडं असेल यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. पण होतं, आणि तेही सगळ्यात जवळच्या माणसाशी. मखमलाबादच्या बाजूला एका माळ्याचा फुलांचा मळा होता. झेंडू, गुलाब, शेवंती. हा मळेवाला आणि वहिनीचे बाबा शाळेत एका बाकावर बसलेले. दर रविवारी सकाळी सायकल काढून हे मळ्यावर जायचे आणि दुपारी कॅरियरला फुलांचा वाटा बांधून परत यायचे. नव्वदच्या दशकात, वहिनीचं लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत, मळेवाल्याच्या मुलीचं लग्न निघालं. हळदीच्या सकाळी हे आहेर घेऊन गेले, तर मांडवावर रोषणाई केलेली, आणि तिच्यासाठी रस्त्यावरच्या तारेवर सरळ आकडा टाकलेला. खाली उघड्या वायरीजवळ पाहुण्यांची पोरं खेळत होती. 'काढ हे, मी आजच्या आज तुला रीतसर कनेक्शन आणून देतो,' हे म्हणाले. मळेवाला हसला. 'एका रातीचा तर सवाल हाय, मर्दा.' हे तसेच ऑफिसात गेले आणि सांगून मोकळे झाले. संध्याकाळी ऐन हळदीत, व्याह्यांसमोर, मांडव काळाठिक्कर पडला. हळदीला परत आलेल्या यांना मळेवाल्याने भर मांडवात सांगितलं, 'आता मी मेल्यावरच माझ्या दारात पाय ठेव.' त्यानंतर रविवारी सायकल निघाली नाही.

'मी बरोबरच केलं होतं,' हे त्यांनी मला पुढे कितीतरी वेळा सांगितलं. 'पण धाकटे, बरोबर केलं म्हणून करमतं असं नाही.' त्यांना बाकी काही नको होतं. तो कसा आहे ते कळावं आणि मरायच्या आधी एकदा त्याच्यासमोर बसता यावं, एवढंच हवं होतं. बाजारात त्या बाजूच्या फुलवाल्या बसत. त्यांच्याकडून हे अर्धा किलो झेंडू घेत आणि पाऊण तास चौकशी करत. देवघरात एकच गणपती आणि रोज एवढी फुलं, म्हणून वहिनीची आई कातावायची.

दोन हजारनंतरच्या वर्षांत मी पंचवटी कारंज्याजवळ सायबर कॅफे काढला. प्लायवुडच्या खोपट्यांत बसवलेले कॉम्प्युटर आणि पाऊस पडला की झोपणारं नेट. वहिनीचे बाबा तोवर निवृत्त झाले होते. कॉलेजची पोरं वर्गात असायच्या वेळेला ते येऊन बसत, आणि लोडशेडिंग झालं की माझी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे अशा नजरेने बघत की जणू यांनीच खटका ओढला आहे. तेव्हा मित्र जोडायची एक वेबसाइट पोरांत फार गाजत होती. प्रत्येकाचं एक पान, पानावर फोटो, आणि मित्रांनी एकमेकांच्या पानावर लिहायच्या चिठ्ठ्या. पोरं त्यांना स्क्रॅप म्हणत. एकदा त्यांनी मला विचारलं, 'हे काय आहे?' मी म्हटलं, 'यात कुणाचं काय चाललंय ते घरबसल्या कळतं.' 'त्यांच्या घरी न जाता?' 'न जाता.' त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. मग म्हणाले, 'मग उरलेल्या वेळात लोक करतात काय?'

पण त्यांचं खातं मीच उघडून दिलं, आणि दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी तिथे आपली जुनी फेरी सुरू केली. सगळ्यांची पानं एकदम बघायची नाहीत. आज नाशिकरोडवाले, उद्या सातपूरवाले, परवा पुणे-मुंबई, आणि परदेशातल्यांना सणाच्या आधी. मीटरच्या वेळी जसा एकेका गल्लीचा दिवस असे, तसाच इथे. वहीबिही काही नाही, सगळं डोक्यात. एक पान उघडलं की ते अर्धा अर्धा तास वाचत, आणि वाचून झालं की काहीतरी केल्याशिवाय उठत नसत. चिठ्ठी लिहायची, नाहीतर एसटीडी बूथवरून फोन करायचा, नाहीतर पिशवी घेऊन सरळ त्याच्या घरी जायचं. 'नुसतं बघून निघून आलो तर ते डोकावणं झालं,' ते म्हणत. 'खिडकीतून डोकावणाऱ्याला आपण काय म्हणतो?' माझ्या एका मावसभावाने आपले मित्र किती झाले हे त्यांना मोठ्या फुशारकीने दाखवलं. यांनी एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून 'हा कोण? याचं गाव? आई-वडील आहेत?' असं सुरू केलं. मावसभाऊ दुसऱ्या रांगेतच घामाघूम झाला.

त्यांच्या चिठ्ठ्या रोमन अक्षरांतल्या मराठीत असत, एका बोटाने टाइप केलेल्या. 'छान फोटो' असं त्यांनी आयुष्यात कधी लिहिलं नाही. बंगळूरच्या एका पोराने नव्या मोटरसायकलवर बसून फोटो टाकला. खाली सगळ्यांनी गाडीचं कौतुक केलं. यांनी लिहिलं, 'गालफडं बसली आहेत. मेस कोणाची आहे?' पोराने निमूटपणे मेस बदलली. एका नवविवाहित जोडप्याच्या फोटोत त्यांनी मागची खुर्ची तेवढी बघितली आणि विचारलं, 'डावा पाय निखळला आहे, कोणी बसत तर नाही ना?' पुण्याला शिकणाऱ्या पुतणीने आपल्या पानावर 'कंटाळा आलाय' एवढंच लिहिलं होतं. हे सकाळच्या एसटीने शिवाजीनगरला हजर! हॉस्टेलच्या दारात काकांना बघून पोरगी आधी घाबरली, मग रडली, आणि मग तिला खरोखर काय झालं होतं ते तिने सांगितलं. ते काय होतं हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. 'तिचं पान आहे ते,' म्हणाले.

हे सगळे नियम ते एका पानाच्या बाबतीत मात्र मोडत. मळेवाल्याचा मुलगा पुण्यात एका कंपनीत लागला होता. त्याने आपणहून यांना मित्र म्हणून जोडून घेतलं. भांडणाच्या वेळी तो शाळकरी होता. यांच्या सायकलच्या दांडीवर बसून मळ्याला चकरा मारल्याचं त्याच्या लक्षात होतं. त्याचं पान हे रोज उघडत, फेरीत कुणाचीही पाळी असो, आणि त्यावर एक अक्षर लिहीत नसत. 'हे डोकावणंच आहे,' कबूल करत आणि पुन्हा पडद्याला नाक लावत. मुलगा सुट्टीत घरी आला की फोटो टाकायचा. ट्रॅक्टरचा, विहिरीचा, नव्या गोठ्याचा. त्यांत कुठेतरी कडेला मळेवाल्याचा खांदा, नाहीतर पाठमोरी टोपी दिसे. 'वाकलाय जरा,' हे पुटपुटत. 'हे मोठं होतं का?' मी फोटो मोठा करून दाखवायचो, पण त्या वेळच्या फोटोंत दम नव्हता, चौकोन चौकोन दिसायला लागायचे. 'राहू दे,' ते म्हणत, 'मोठं केलं की माणूसच नाहीसा होतो.' मी एकदा चिडून म्हणालो, 'काका, एक ओळ लिहा की. वडील कसे आहेत, एवढंच.' त्यांनी मान हलवली. 'पोराला कशाला मध्ये घालायचं? त्याच्या बापाने सांगितलंय ना, मेल्यावर ये. त्याचा शब्द आहे तो.'

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. त्या सकाळी नेट फारच रडत होतं. मुलाच्या पानावर नवा फोटो आला होता आणि तो वरून खाली एकेक पट्टी उलगडत होता. आधी पांढरे केस आले. मग कपाळ. मग मिटलेले डोळे. त्यानंतर गळ्यात झेंडूचा जाडजूड हार. फोटोखाली इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं होतं, ते उमटायच्या आत लाइट गेली. खोपट्यांतून पोरांनी नेहमीप्रमाणे बोंब मारली. वहिनीचे बाबा काळ्या पडद्यासमोर हलले नाहीत.

'गेला,' ते म्हणाले.

मी म्हटलं, 'काका, लाइट आली की नीट बघू.' 'बघायचं काय? डोळे मिटलेत, हार घातलाय.' मग फोन करू म्हटलं, तर ते माझ्यावर पहिल्यांदाच ओरडले. 'अशा वेळी फोन करायचा नसतो धाकटे, जायचं असतं!' घरी जाऊन त्यांनी पांढरा सदरा-लेंगा चढवला. वहिनीच्या आईने डोळे पुसत पुसत पिठलं टाकलं, भात लावला. ज्या घरात माणूस गेलं आहे तिथे चूल पेटत नाही, दुसऱ्याने घेऊन जायचं असतं. डबा मांडीवर धरून ते माझ्या स्कूटरवर मागे बसले. मखमलाबाद नाका ओलांडल्यावर मला त्यांचं बोलणं ऐकू आलं. माझ्याशी नव्हतं ते. 'ऐकलं बघ तुझं,' ते म्हणत होते. 'तू म्हणालास तसंच केलं. मेल्यावर येतोय. खूश?'

मळ्याच्या अंगणात झेंडूचे ढीग पडले होते आणि बायका खाली मान घालून बसल्या होत्या. दसऱ्याच्या बाजारासाठी त्या हार ओवत होत्या हे तेव्हा आम्हा दोघांनाही सुचलं नाही. वहिनीचे बाबा अंगणाच्या मधोमध डबा छातीशी धरून उभे राहिले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. बायकांचे हात थांबले. एवढ्यात गोठ्यामागून फावडं घेऊन, चिखलाने भरलेल्या पायांनी, मळेवाला स्वतः आला.

'कोण गेलं रं?' त्याने विचारलं.

यांचं रडणं थांबेना. तो माझ्याकडे वळला. 'पांढरे कपडे घालून आलाय, म्हंजे कोणतरी गेलं असंल ना? कोण?' मी म्हणालो, 'काका, तुम्ही.'

मळेवाल्याने फावडं खाली टेकवलं. 'मी? मला नाय कोणी सांगितलं.'

मग हळूहळू उलगडा झाला. आदल्या दिवशी मळेवाल्याचा वाढदिवस होता. मुलाने पुण्याहून केक आणला, घरच्या फुलांचा हार करून वडिलांच्या गळ्यात घातला, आणि फोटो काढताना चमकलेल्या उजेडाने त्यांचे डोळे मिटले. 'हार बघून मेलो म्हणून ठरवलं व्हय तू?' मळेवाला म्हणाला. 'लहानपणापासून या घरात येत हुतास, एवढं ठावं नाय? आम्ही जित्या माणसालाच हार घालतो. मेलेल्याला काय वास येतो?' बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. आणि हसणं ओसरल्यावर त्यांचे हात पुन्हा हारांकडे वळले.

'मी मेल्यावर ये म्हणलो हुतो,' मळेवाला म्हणाला.

'हो.' वहिनीच्या बाबांनी सदऱ्याच्या बाहीने नाक पुसलं. 'चुकलं माझं. जातो.' आणि ते खरोखरच वळले.

'डब्यात काय हाय?'

'पिठलं-भात.'

'वैनीच्या हातचा?'

'हो.'

'मंग घेऊन कुठं चाललास? बस.'

मळेवाल्याची बायको घरातून धावत आली. 'अवं, मयताचं जेवण जित्या माणसानं खाऊ नाय! भावजी, तुमी तरी सांगा.' पण तो हातपाय धुऊन ओट्यावर मांडी घालून बसलासुद्धा. 'माझ्यासाठी आणलंय, मीच खाणार,' म्हणाला. 'नंतर मला थोडंच मिळणार हाय?' त्याने डबा उघडला, पिठलं भातावर ओतलं, कालवलं, आणि अर्धा घास खाऊन हात थांबवला. खाली मान घालूनच तो म्हणाला, 'तारंखाली माझी बी पोरं खेळत हुती. मला दिसत नव्हतं व्हय? पण व्याह्यासमोर मांडव काळा झाला रं. लय लागलं ते.' वहिनीचे बाबा म्हणाले, 'मला ऑफिसात सांगायला थांबता आलं असतं. आधी मीच तुला कनेक्शन आणून द्यायला हवं होतं.' एवढंच बोलणं झालं. त्यानंतर दोघं एका डब्यातून जेवले आणि मी झेंडू मोजत बसल्यासारखं केलं, कारण माझे डोळे भरून आले होते आणि जावयाच्या भावाला ते शोभत नव्हतं.

परतल्यावर कारंज्यापाशी स्कूटरवरून उतरून ते मागे वळून त्या रस्त्याकडे बघत म्हणाले, 'किती जवळ आहे हो हे! मला फार लांब वाटायचं.'

त्यानंतर माझ्या कॅफेतलं त्यांचं येणं कमी झालं. बंगळूर, पुणे, दुबईहून मला विचारणा व्हायला लागली की काका का लिहीत नाहीत. काका मळ्यावर असत. फुलं तोडायला त्यांचा उपयोग शून्य होता, कारण तोडणाऱ्या प्रत्येक बाईची ते चौकशी करत आणि काम थांबवत. तरी मळेवाल्याने त्यांना कधी हाकललं नाही. असे काही दसरे त्या दोघांना मिळाले. मग एका उन्हाळ्यात मळेवाला अंथरुणाला खिळला, आणि गेला तेव्हा वहिनीचे बाबा उशाशी होते. या वेळी त्यांना कुणाला काही विचारावं लागलं नाही. दिवस झाल्यावर मुलगा आईला घेऊन पुण्याला गेला. मळ्याच्या दाराला कुलूप लागलं.

काही दिवसांनी वहिनीचे बाबा सकाळीच कॅफेत आले. फेरीत कुणाची पाळी होती कुणास ठाऊक, त्यांनी सरळ मुलाचं पान उघडायला सांगितलं. पानावर ओळखीच्या-अनोळखी शंभर लोकांनी दुःख व्यक्त केलेलं होतं, बहुतेकांनी त्याच दोन-तीन इंग्रजी शब्दांत. यांनी ते सगळं वाचून काढलं. मग इतक्या वर्षांत ज्या पानावर कधी अक्षर उमटवलं नव्हतं, त्यावर एका बोटाने, चुका दुरुस्त करत, एक ओळ लिहिली: 'आई जेवते का?' आणि ते खुर्चीत बसून राहिले. मी पोरांचे हिशेब केले, एक माउस दुरुस्त केला, चहा मागवला. दुपारच्या सुमाराला पान पुन्हा उघडून बघितलं. त्या सगळ्या गर्दीत मुलाने एकालाच उत्तर दिलं होतं: 'नाही काका. दोन घास खाते आणि उठते. तुमचं नाव काढते.'

वहिनीच्या बाबांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मग पायाशी ठेवलेली पिशवी उचलून उठले.

'अहो धाकटे,' त्यांनी विचारलं, 'पुण्याची गाडी आता किती वाजता?'